उद्यमबागचा मंत्री

इटलीच्या एका मंत्र्याला मी तोंडावर 'येडा' म्हटलंय. एकदा नाही, चांगलं चार-पाच वेळा. आणि त्यानंही मला 'तू येडा, तुझा मालक येडा' असं ठणकावून परत केलंय. हे कुणाला सांगायला लागलो की समोरचा आधी हळूच माझ्या तोंडाचा वास घेतो. घ्या बाबांनो, घ्या. चहाशिवाय काही सापडणार नाही. आमच्या पिरनवाडीत कुणालाही विचारा, भरमाण्णा कसा माणूस आहे. तापट म्हणतील, भांडखोर म्हणतील, माझी बायको तर आणखी दोन शब्द जोडेल, पण थापाड्या आहे असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा ऐका.

आमची फाउंड्री बेळगावच्या उद्यमबागेत. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, पंपाचे आणि मोटारीचे भाग काढायचे, हे आमचं काम. मी तिथं मेंटेनन्सचा फोरमन होतो. माझा थोरला दहावीला होता त्या वर्षी मालकांनी इटलीहून साचे पाडणारी मोठी मशीन मागवली. मशीन पेट्यांमधून सुटी सुटी आली आणि ती जोडायला तिच्या मागून चार दिवसांनी ब्रुनो आला.

उंच, गोरा, टाय लावलेला साहेब येणार म्हणून आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून गेटवर उभे. गाडीतून उतरला तो बुटका, टकला, हमालासारख्या खांद्यांचा गडी, आणि तोंड हिरवं पडलेलं. गोव्याहून चोर्ल्याच्या घाटानं आणला होता, वळणावळणावर गाडी थांबवत आला होता. मालकांनी हार पुढं केला. त्यानं हात करून थांबवलं, नळावर जाऊन खळाखळा चूळ भरली आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, ''मशीन कुठाय?'' त्याच्यासाठी एसीची केबिन केली होती, नवी खुर्ची आणली होती. नऊ महिन्यांत तो त्या खुर्चीवर एकदाही बसला नाही. मशीनच्या खड्ड्यात जमिनीवर पाय पसरून बसायचा आणि तिथूनच हुकूम सोडायचा.

माझं नि त्याचं पहिल्याच दिवशी वाजलं. तो म्हणाला पाया दोन मिलिमीटर तिरका आहे. पाया मी घातलेला! मी म्हणालो तुझे डोळे तिरके आहेत. तो इटालियनमधून, मी मराठीतून, दोघंही फुल्ल आवाजात. अर्धा कारखाना काम सोडून बघायला. शेवटी आमच्यातला सगळ्यात जुना साचेवाला, मोल्डर निंगाप्पामामा, तो कधी कुणाच्या भांडणात पडायचा नाही, त्यानं गपचिप लेव्हल आणून पायावर ठेवली. दोन मिलिमीटर. असा संताप आला मला, स्वतःचाच! दुसऱ्या दिवशी सकाळी पाया फोडायला मी कुदळ घेऊन आलो, तर हा बाबा माझ्या आधी येऊन फोडतोय. म्हणाला, ''चूक तुझी. मशीन आपली.'' त्या दिवसापासून तो माझ्यासाठी ब्रुनोअण्णा झाला, आणि मग सगळ्यांसाठीच.

राहायला त्याला हिंडलग्याच्या एका काकूंकडं खोली घेऊन दिली होती. आता गंमत बघा, काकूंच्या कुत्र्याचं नाव ब्रुनो. आपल्याकडं हे नाव कुत्र्यालाच ठेवतात, त्याला काय करणार! काकू बिचाऱ्या हादरल्या. परदेशी पाहुणा, घरच्या जेवणाला येणार, आणि अंगणात आपण 'ब्रुनो, थू थू, चपलेला तोंड लावू नको' म्हणून ओरडणार? त्यांनी तातडीनं कुत्र्याचं नाव पिंट्या केलं. कुत्रं काही पिंट्याला दाद देईना. मग एक दिवस काकूंच्या तोंडून सवयीनं जुनी हाक गेली, आणि अंगणातून कुत्रं नि जिन्यावरून पाहुणा, दोघंही एकदम हजर झाले. काकूंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ब्रुनोअण्णा एवढा हसला, एवढा हसला की पायरीवरच बसला. पुढं तो आपली ओळखच तशी करून द्यायला लागला, ''मी ब्रुनो नंबर दोन. नंबर एक घरी आहे, भाकरी खातोय.''

तीन महिन्यांत त्याला आमचं मराठी येऊ लागलं. व्याकरणबिकरण काही नाही, नुसतं 'लई', 'न्हाय', 'व्हय' आणि मधे हातवारे. पण एक शब्द त्याला सहन व्हायचा नाही. 'बघू'. आपल्याकडं 'बघूया की' म्हणजे काय, हे आपल्याला पाळण्यातच कळतं. 'बघूया की' म्हणजे नाही. फक्त तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून बघूया. ब्रुनोअण्णाला हे समजेना. समजल्यावर पटेना.

आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे पोकळ भागांसाठी वाळूचे ठोकळे करतात तिथं, दहा-बारा बाया काम करायच्या. त्यांची पुढारी शांताक्का. तिथं रसायनाचा असा उग्र धूर की डोळ्यांतून पाणी थांबायचं नाही. वर पंखा बसवा म्हणून शांताक्का दोन वर्षं सांगत होती आणि मालक दोन वर्षं 'बघूया की' म्हणत होते. ब्रुनोअण्णाचा त्या शॉपशी काही संबंध नव्हता. तो एकदा पाणी प्यायला तिकडून गेला, खोकत बाहेर आला आणि थेट मालकांच्या केबिनमध्ये. ''पंखा. हो की न्हाय?'' मालक म्हणाले, ''बघूया की.'' दुसऱ्या दिवशी सकाळी परत दारात. ''पंखा. हो की न्हाय?'' तिसऱ्या दिवशी परत. मालक मागच्या दारानं यायला लागले, तर हा मागच्या दाराशी. ना आवाज चढवायचा, ना दुसरं काही बोलायचं. अकराव्या दिवशी मालक पायरीवरच ओरडले, ''हो! हो रे बाबा, हो!'' संध्याकाळी पंखा आला. शांताक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, ''ह्यो बाबा निवडणुकीला हुबारला तर डिपाझिट जायाचं न्हाय बघ.'' आम्ही हसलो. तेव्हा तो साधा फिटर-इंजिनियर होता. आपल्या कारखान्यातल्या युनियनचा सेक्रेटरी आहे, एवढंच कधीतरी बोलता बोलता म्हणाला होता.

त्याचं गावही आपल्यासारखंच सीमेवरचं. एकदा आम्ही निपाणीला एका गिऱ्हाइकाकडं चाललो होतो, तर वाटेत गावांच्या पाट्या बघून त्यानं विचारलं, एका गावाचं नाव दोनदा दोन तऱ्हेनं का लिहिलंय? मी सांगायला सुरुवात केली, मराठी, कन्नड, आणि सांगता सांगता नेहमीप्रमाणे माझा आवाज चढला. त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. ''कळलं, कळलं. माझ्या गावाला पण दोन नावं. आई एका भाषेत शिव्या देते, बाप दुसऱ्या. मला दोन्ही कळतात, हाच माझा त्रास.''  

मग आली खंडेनवमी. इटलीहून त्याच्या कंपनीचा निरोप आला होता, अमुक तारखेला मशीनची चाचणी झालीच पाहिजे, नाही तर तुला परत बोलावतो, दुसरा माणूस पाठवतो. ती तारीख नेमकी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं हत्याराला हात लावत नाहीत. मशीन धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, लिंबू-मिरची बांधायची आणि दिवसभर तिला विसावा द्यायचा. हे ब्रुनोअण्णाला सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून खड्ड्यात आपटली. ''आठ महिने काम! एका दिवसासाठी सगळं वाया? तू येडा, तुझा मालक येडा!'' मीही त्याला येडा म्हटलं. बाचाबाची हातघाईवर यायच्या बेतात असताना निंगाप्पामामा बादली घेऊन आला आणि मशीन धुवायला बसला. ब्रुनोअण्णा त्याच्यावर ओरडला, ''मालकाची मशीन आहे! तुझी न्हाय! बंद ठेवणारा तू कोण?''

निंगाप्पामामानं मान वर केली. ''मालकानं इकत आणली म्हणून मालकाची झाली व्हय रं? जो तिला न्हाऊ घालतो, त्याची मशीन.''

मी माझ्या आयटीआयच्या इंग्रजीत त्याला सांगितलं, ''हू गिव्ह बाथ, हिज मशीन.''

तेव्हा त्यानं खड्ड्यातली टोपी उचलली, झटकली, घातली. मग बाह्या वर केल्या, दुसरं फडकं घेतलं आणि मामाच्या शेजारी बसून मशीन धुवायला लागला. नंतर ऑफिसातून इटलीला फोन लावला आणि पाऊण तास असा भांडला, असा भांडला की टेलिफोनवाल्या बाईनं दार ओढून घेतलं. खंडेनवमीला मशीन बंद राहिली. कोहळा फोडायचा मान आम्ही त्याला दिला. त्यानं तो लग्नातल्या बँडवाल्याच्या जोशात आपटला, आणि आतलं कुंकवाचं लाल पाणी थेट मालकांच्या पांढऱ्या सफारीवर. मालक 'बघूया की' म्हणाले नाहीत एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं आणि मशीन पहिल्या फटक्याला सुरू झाली. इटलीहून दुसरा माणूस काही आला नाही.

महिन्याभरानं तो गेला. काकूंनी डोळे पुसत भाकऱ्या बांधून दिल्या, आम्ही आपल्या बेळगावी मिठाईचे, कुंद्याचे, चार डबे दिले. माझा बावीस-चोवीसचा पाना तो चोरून घेऊन गेला, तो अजून परत दिलेला नाही.

मला वाटलं, गेला, संपलं. परदेशी माणूस, कुठला पुन्हा भेटतोय! पण खरी मजा तर पुढंच आहे. दोनेक वर्षांनी त्याचं पत्र आलं, आत एक फोटो. त्याच्या गावातला कारखाना बंद करून मशीनी दुसऱ्या देशात न्यायचं तिथल्या मालकांनी ठरवलं होतं. ट्रक यायच्या आदल्या दिवशी ब्रुनोअण्णानं काय करावं? सगळ्या कामगारांना बोलावलं. बायकांना, म्हाताऱ्या रिटायर लोकांनाही. प्रत्येकानं आपापली मशीन धुतली, पुसली, तिला फुलांची माळ घातली आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसला. ना दगड, ना घोषणा. ट्रक आले. ड्रायव्हरांनी आत डोकावून बघितलं, तर दीडशे माणसं माळा घातलेल्या मशीनींपाशी बसलेली. एकही ड्रायव्हर मशीनीला दोर लावायला तयार होईना. ट्रक रिकामे परत गेले! तिकडच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो छापून आला. फोटोत झेंडूच होता, त्यांच्याकडं म्हणे कुंडीत लावतात. फोटोच्या मागं त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, 'निंगाप्पाला दाखव.'

मी मामाला दाखवला. मामानं फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि म्हणाला, ''लिंबू बांधलं न्हाईत.''

तिथून ब्रुनोअण्णाची गाडी सुटली ती सुटलीच. आधी नगरसेवक. मग गावचा महापौर. मोबाइल आले, व्हॉट्सअॅप आलं, आणि आमच्या कॅन्टीनमध्ये इटलीच्या राजकारणाचा अड्डा झाला. आपल्या वॉर्डात कोण उभा आहे हे ज्यांना ठाऊक नाही, ते आमचे लोक त्याच्या विरोधी पक्षाच्या बाईला नावानिशी शिव्या घालायचे! तो खासदारकीला उभा राहिला तेव्हा शांताक्कानं हिंडलग्याच्या गणपतीला नवस बोलला. मतमोजणीच्या दिवशी भट्टी चालू होती पण लक्ष कुणाचंच नव्हतं. निवडून आल्याचा त्याचा निरोप आला, 'झालो', एवढाच. कॅन्टीनमध्ये जो कल्ला झाला! मी म्हणे टेबलावर चढलो होतो. मला आठवत नाही, पण दोन पाय मोडलेलं टेबल आठवतंय.

आणि मग तो मंत्री झाला. उद्योगमंत्री. देशाचा! मी तेव्हा रिटायर होऊन घरी होतो. सकाळी अंगणात दाढी करत बसलेलो, फोनवर त्याचा आवाज आला, ''भरमाण्णा, मी मंत्री झालो. लई भ्या वाटतंय.'' अर्धी दाढी तशीच ठेवून मी स्कूटर काढली. पिरनवाडी ते उद्यमबाग, वाटेत दिसेल त्याला सांगत. पेढे, फटाके, गुलाल! निंगाप्पामामा तीन वर्षांपूर्वी गेला होता, त्याच्या घरी जाऊन त्याच्या फोटोपुढं पेढा ठेवला. काकूंना ऐंशी सरली होती, त्या म्हणाल्या, ''आता त्याला नंबर एक म्हणायला हवं हो.''

इथवर सगळं गोड. आता माझी अक्कल ऐका.

आपल्याकडं कुणाचं काही चांगलं झालं की काय करतात? फ्लेक्स लावतात. मी लावला. नाक्यावर, चांगला वीस फुटी. वर कन्नड, खाली मराठी, मधे ब्रुनोअण्णाचा हसरा फोटो, त्याला कॉम्प्युटरवर कोल्हापुरी फेटा चढवलेला. मजकूर मी स्वतः लिहिला. 'उद्यमबागचा हक्काचा माणूस इटलीच्या मंत्रिमंडळात! आता आपली सगळी कामं मार्गी लागणार!' आता सांगा, नवा मंत्री झाला की दुसरं काय लिहितात? कुणाचंही अभिनंदन असो, हे वाक्य ठरलेलं, दुकानदाराकडं तयारच असतं. खाली शुभेच्छुक म्हणून आमचे सगळ्यांचे फोटो, आणि मालकांनी फ्लेक्सचा खर्च उचलला म्हणून मधोमध त्यांचा फोटो, त्याखाली फाउंड्रीचं नाव. मोठ्या अक्षरांत. माझीच कल्पना.

मी त्याला फोटो पाठवला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं तो जसाच्या तसा इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकला, 'माझे बेळगावचे मित्र' म्हणून. त्याला मराठी बोलता यायचं, वाचता कुठं येत होतं!

विरोधकांनी मात्र ते वाचून घेतलं. चार दिवसांत त्यांच्या टीव्हीवर आमचा फ्लेक्स. आमच्या मालकांच्या फोटोभोवती लाल गोल. ही कंपनी इटलीला माल विकते, मंत्र्यांच्या जुन्या कारखान्याची मशीन वापरते, आणि उघड उघड रस्त्यात लिहिते की आता आमची सगळी कामं मार्गी लागणार. कुठली कामं? मंत्र्यानं यांना काय कबूल केलंय? चौकशी झालीच पाहिजे, राजीनामा दिलाच पाहिजे! ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, त्याच्या खुर्चीला मी माझ्या हातानं सुरुंग लावला होता.  रस्त्यात कुठलाही फ्लेक्स दिसला की फाडावासा वाटायचा.

आम्ही कॅन्टीनमध्ये जमलो. एक जण म्हणाला, आपण खुलाशाचा दुसरा फ्लेक्स लावू. त्याला मी मारणारच होतो. शांताक्का म्हणाली, ''आरं, त्यास्नी फ्लेक्स म्हंजे काय त्येच ठाव न्हाय. आधी त्ये दावा की.'' खरंच की! दिवसभर आम्ही बेळगाव पालथं घातलं आणि दिसेल त्या फ्लेक्सचा फोटो काढला. पोलीस भरती झालेल्या पोराचा. शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाचा. गल्लीत नवा ट्रान्सफॉर्मर बसला त्याचा, त्याखालीही 'सगळी कामं मार्गी'! चाळीसेक फोटो आणि सगळ्यांच्या सहीचं पत्र ब्रुनोअण्णाला पाठवलं, की ही आमच्याकडची रीत आहे, बैलानंसुद्धा आम्हाला काही कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुन्हा कॅन्टीनमध्ये बसलो असताना त्याचा फोन आला. बैलाच्या फोटोवर तो खूप हसला. मग हसणं थांबलं. म्हणाला, पत्र चालणार नाही. पक्षाच्या प्रमुखांनी एक वाक्य लिहून दिलंय. उद्या संसदेत उभं राहून तेवढं वाचायचं, की या लोकांना मी ओळखत नाही, कधीतरी कामानिमित्त गेलो असेन, त्यांनी परस्पर माझा फोटो वापरला. एवढं म्हटलं की प्रकरण मिटलं. नाही म्हटलं तर पक्ष मागं उभा राहणार नाही, मग खुर्ची गेली.

''मग म्हण की!'' मी ओरडलो. ''तेवढंच व्हय? म्हण! आमचं काय जातंय? आम्ही काय इटलीला येऊन खरंखोटं करणार हाय? चूक माझी, भोगायचं तू? ब्रुनोअण्णा, तुला गळ्याची शपथ हाय, उद्या म्हणायचं, ओळखत न्हाय.''

तो म्हणाला, ''शांताक्काला वाईट वाटेल.''

मी फोन तिच्याकडं दिला. ती म्हणाली, ''म्या नवस फेडायची ऱ्हायले अजून. तू खुर्ची धरून बस. गुमान सांगतील त्ये वाच.''

 मग तो ''बरं'' म्हणाला आणि फोन ठेवला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगायचं तर, आत कुठंतरी बारीक टोचलंही. पण मीच तर शपथ घातली होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये ही गर्दी. मी रिटायर माणूस, पण त्या दिवशी गेटवर मला कुणी अडवलं नाही. मालक स्वतः येऊन बाकावर बसले होते. काकूंना रिक्षानं आणलं होतं. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला, त्यावर तिकडची संसद, आणि खाली बोलण्याचं इंग्रजी पळत होतं, ते क्वालिटी खात्यातल्या मॅडम मोठ्यानं वाचून आम्हाला मराठीत सांगणार होत्या.

ब्रुनोअण्णा उभा राहिला. सूट घातला होता, पण खांदे तेच हमालाचे. हातात कागद. समोरून ओरडाआरडा चालला होता, तो थांबेपर्यंत तो कागदाकडंच बघत होता. मी मनात म्हणत होतो, वाच, लेका, वाच, दोन ओळी आहेत, वाच आणि बस. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि बोलायला लागला.

मॅडम सांगू लागल्या, ''इथं लिहिलंय की मी या माणसांना ओळखत नाही. हे खोटं आहे. मी त्यांना ओळखतो.''

''मेला!'' मी म्हणालो. ''मेला, मेला, मेला!''

''त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं नाही आणि मी त्यांना काही दिलेलं नाही. त्यांना आनंद झाला, तो त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे रस्त्यात लावला. ती रीत तुम्हाला कळली नाही म्हणून चौकशी करा, जरूर करा. पण ओळख मी नाकारणार नाही. ती कुणाकुणाशी आहे हे तुम्हाला सांगतो.''

इथं मॅडम थांबल्या, कारण पुढचं भाषांतर करायची गरज नव्हती. इटलीच्या संसदेत, त्या लाल खुर्च्यांमध्ये उभा राहून, तो आमची नावं घेत होता. शांताक्का, कोअर शॉप. काकू, हिंडलगा. भरमाण्णा, पिरनवाडी. मग भट्टीवरचे जुने गडी, एक ना एक. एकेक नाव सावकाश, आपल्याकडं म्हणतात तसं. आणि शेवटी निंगाप्पा. तो गेला हे त्याला ठाऊक होतं, तरी घेतलं.

मग गोंधळ झाला. कोण टाळ्या वाजवतंय, कोण बाक बडवतंय, काही कळेना. त्याच्या शेजारचे दोघे मान फिरवून बसले. तो त्यांच्यापुढून निघाला, बुटका माणूस, एका हातानं कठडा धरून पायऱ्या चढत वर गेला, दारातल्या शिपायाशी काहीतरी बोलला, शिपायानं त्याच्याशी हात मिळवला, आणि तो बाहेर पडला. त्या दिवशीच त्यानं राजीनामा दिला. चौकशीत पुढं काहीच निघालं नाही, पण खुर्ची गेली ती गेलीच.

मी इकडं डब्याला टेकवलेल्या फोनकडं बघून ओरडत होतो. ''येड्या! काय केलंस हे! शपथ घातली होती की रं तुला!''  साठ वर्षांत माझं नाव हजेरीपटावर लागलं, रेशन कार्डावर लागलं, मतदारयादीत दोन वेळा चुकून लागलं. आमच्या आमदारानं ते कधी तोंडानं घेतलेलं मला आठवत नाही. आणि हा गडी ते घेण्यासाठी खुर्ची सोडून गेला.

शांताक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, ''भरमाण्णा, वरडू नगंस. मागं घे जरा त्ये.''

मी बोटानं तो भाग मागं घेतला. ब्रुनोअण्णा पुन्हा उभा राहिला, पुन्हा कागदाची घडी केली, आणि भट्टीवरचे लोकसुद्धा काम टाकून आत आले, आपापलं नाव ऐकायला.